आयबुप्रोफेन की प्रेडनिसोलोन: पांढऱ्या पेशींचं काय होतं?

सांधे सुजलेल्या मैत्रिणीचा प्रश्न होता: आयबुप्रोफेन हे वेदनाशामक आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, दोन्हींनी सूज उतरते, मग प्रतिकारशक्तीला कमी धक्का कशाचा?

आयबुप्रोफेन कॉक्स हे एन्झाइम रोखतं, त्यामुळे सूज-दुखणं वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन कमी बनतं. (अ‍ॅस्पिरिनचं हेच गुपित औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये उलगडलं.) पांढऱ्या पेशींची संख्या सहसा जागच्या जागी राहते. मात्र ताप-दुखणं दबल्यानं आतला संसर्ग उशिरा लक्षात येऊ शकतो.

प्रेडनिसोलोन थेट पेशीतल्या जनुकांच्या कामात हात घालतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसतात आणि माणूस घाबरतो. खरं तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात, पण संसर्गाच्या जागी पोचायला त्या कमी पडतात. लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या इतर पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून रक्त तपासताना ही गोळी चालू असल्याचं जरूर सांगा.

इतर त्रास: आयबुप्रोफेननं पोट आणि किडनी, प्रेडनिसोलोननं रक्तातली साखर, हाडं, शिवाय बरेच आठवडे घेतल्यावर एकदम बंद करणं धोक्याचं.

मुरगळा, दाढदुखी अशा थोड्या दिवसांच्या दुखण्याला, पोट-किडनी ठीक असेल तर, आयबुप्रोफेन. प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटली असेल तर प्रेडनिसोलोन, तेही डॉक्टरांच्याच देखरेखीत.