दहा रुपयांची थाळी, तोंडी लावायला सरकार

सोलापुरात सरकारी कचेऱ्यांच्या भागात मी अर्ज-प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. जवळच एक शिवभोजन केंद्र आहे, म्हणजे राज्य सरकारच्या दहा रुपयांच्या थाळीचं. डबा करायचा कंटाळा आला की तिथेच जेवते, अगदी योजना सुरू झाल्यापासून. साडेतीन स्टार.

दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भाताची मूद. आधी मोबाइलवर नाव आणि फोटो घेतात, मग ताट. चपाती मऊ असते, पण सोलापूरच्या माणसाला ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, ही तक्रार मी मरेपर्यंत करणार. वांग्याची भाजी असेल त्या दिवशी जरूर जा. बटाट्याच्या दिवशी तुमची मर्जी.

जेवणाइतकंच ऐकण्यासारखं असतं शेजारच्या बाकावर. एक रिटायर मास्तर, पक्के भाजपवाले. दुसरे अण्णा, जुने शिवसैनिक, ठाकरेंच्या बाजूचे. शहरात थाळीचा हिशेब ५० रुपये, त्यातले १० आपले आणि ४० सरकारचे. या ४० रुपयांवर दोघं भांडतात, आणि तेही तीच थाळी जेवता जेवता.

२६ जानेवारी २०२०ला उद्धव ठाकरेंच्या सरकारने योजना आणली तेव्हा मास्तर म्हणाले, नुसती जाहिरातबाजी. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि थाळी ५ रुपयांवर आली. माझा कॉम्प्युटर प्लास्टिकखाली झाकलेला, घरात मिळकत शून्य. मी दोन पार्सल न्यायची, मुलाचं आणि माझं. मे महिन्यात सरकारने खर्चाला कात्री लावली: योजनांना ३३ टक्केच निधी, नवी नोकरभरती बंद. भरतीचे अर्ज टाइप करायला येणारी पोरं तिथेच संपली. त्याच महिन्यात मास्तर काळी फीत लावून अंगणात उभे राहिले, राज्याने पॅकेज द्यावं म्हणून. मग ते थाळीच्या रांगेत आले तेव्हा चुन्याच्या चौकोनातून अण्णा ओरडले, ‘‘आधी दिल्लीला जीएसटीचे पैसे पाठवायला सांगा की वो!’’ रांगेत मास्क लावून भांडणं सोपं नसतं, पण दोघांनी जमवलं. २०२१च्या एप्रिलात थाळी फुकट झाली तेव्हा मास्तरांनी ‘फुकटची सवय’ यावर भाषण दिलं, हातात पार्सल धरून.

मग २०२४ आलं. लाडकी बहीण, महिन्याला १५०० रुपये. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी झुंबड उडाली, मला पाणी प्यायला वेळ नव्हता. थोड्याच दिवसांत पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना दाखला माफ झाला आणि माझा धंदा बसला. (फॉर्म मीही भरला, लपवत नाही.) मधल्या काळात सरकार बदलून भाजप सत्तेत आला होता, त्यामुळे इकडे बाकावर उलटापालट. अण्णा म्हणायचे, तिजोरी रिकामी केली, राज्य कर्जात बुडवलं. मास्तर म्हणायचे, बायकांच्या हातात पैसा आला की तो बाजारातच येतो. चार वर्षांपूर्वी अण्णा थाळीबद्दल अगदी हेच सांगत होते! निवडणुकीत मास्तरांच्या बाजूने २१०० कबूल केले, अण्णांच्या बाजूने ३०००. त्या आठवड्यात दोघं गुपचूप जेवले.

आता कापलेल्या दीड स्टारबद्दल. अर्धा भाकरीचा. एक २०२५मधल्या वरणाचा. केंद्रचालकांची बिलं महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात येत होत्या. आमच्या ताटात त्या पेपरच्या आधीच पोचल्या होत्या. वरणात डाळ शोधावी लागायची, भाजीत रस्साच जास्त. वाढणाऱ्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘ताई, किराणावाला उधार देईना, मी तरी काय करू?’’ मास्तर म्हणाले, मागच्यांनी सवयी लावल्या. अण्णा म्हणाले, आताच्यांनी पैसे पळवले. दोघांनी वरण मात्र पुन्हा मागितलं, आणि काकूंनी दोघांनाही नाही म्हटलं.

हल्ली डाळ दिसते. जायचं असेल तर साडेबाराच्या आत जा, नंतर ठरलेल्या थाळ्या संपतात. दहाची सुटी नोट ठेवा. आणि शेंगाचटणीची डबी घरून न्या, काकू रागावत नाहीत. फक्त त्या बाकावर उघडू नका, मास्तर आणि अण्णा ती अर्धी-अर्धी संपवतात.