हार्डटेल की फुल सस्पेन्शन? दोन्ही चालवून बघितल्या, माझं मत

माउंटन बाइकबद्दल बोलतोय. हार्डटेल म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, फुल म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे. आधीच सांगतो, बजेट कमी असेल तर हार्डटेलच घ्या. 15-20 हजारांत 'डबल शॉकर' म्हणून जी मिळते ना तिच्या वाटेलाही जाऊ नका, मागे नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंगच्या (स्प्रिंगची उसळी आवरण्याच्या) नावाने बोंब, वजन चांगलंच जास्त, आणि चढावर निम्मा जोर ती स्प्रिंग दाबण्यातच जातो. पोरं दिसण्यावर भुलतात अन् दुकानदार पण तीच पुढे करतो.

आता खऱ्या फुल सस्पेन्शनचं. माझी हार्डटेल 120 एमएम एअर फोर्कवाली (म्हणजे पुढचं हवेवरचं सस्पेन्शन 120 एमएम दबतं), मित्राची फुल 140 एमएमची, दोन्ही पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आलटून पालटून चालवल्या. खाणीकडच्या उतारावर सुटा मुरूम आणि मध्येच वर आलेले काळे दगड, तिथे हार्डटेलचं मागचं चाक टणाटण उडतं, ब्रेक दाबला की घसरतं, त्यामुळे पेडलवर उभं राहून गुडघे सैल ठेवावे लागतात आणि लाइन, म्हणजे चाक कुठून न्यायचं ते, आधीच बघून ठेवावी लागते. फुलवर तेच दगड चाक गिळून टाकतं, स्पीड आपोआप वाढतो (सकाळी फिरायला येणारे काका-काकू असतात, जरा जपून!). खरी मजा दगडी चढावर आली, मला वाटायचं फुल म्हणजे चढाला जड, पण मागचं चाक जमीन सोडत नाही म्हणून ग्रिप भारी मिळते. डांबरी रस्त्यावर मात्र लॉकआउट (सस्पेन्शन बंद करायचा खटका) लावा नाहीतर डुलत बसाल.

रेसवाले पण हळूहळू तिकडेच वळले. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकच्या माउंटन बाइक रेसमध्ये चेक रेसर कुल्हावीने फुलवर बसून अगदी शेवटी स्विस रेसर शुर्टरला मागे टाकलं, शुर्टर तेव्हा हार्डटेलवर होता, आणि 2016 ला रिओत गोल्ड घेतलं तेव्हा तोही फुलवरच.

पण आपल्याकडे पावसाळा आहे राव. चिखल फुलच्या पिव्हटच्या (मागच्या फ्रेमच्या हलत्या सांध्यांच्या) बेअरिंगमध्ये जातो, प्रेशर वॉशर मारला तर ग्रीसच उडून जातं, मग कटकट आवाज सुरू. बेअरिंग, मागचा शॉक, दोन्हीची सर्व्हिस वेगळी, आणि शॉकची सर्व्हिस धड करणारा माणूस प्रत्येक गावात मिळत नाही. हार्डटेलला मागे बिघडायला आहेच काय!

म्हणून रोज ऑफिस आणि रविवारी टेकडी असं असेल तर एअर फोर्कवाली हार्डटेल, टायर जरा जाड, ट्यूबलेस केलं तर अजून छान. दर आठवड्याला दगडधोंड्यातच उतरायचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल तरच फुल, आणि घेतली तर शॉक पंप घेऊन आपल्या वजनाप्रमाणे हवा भरा, ट्रेल सायकलला बसल्यावर शॉक 25-30 टक्के दबला पाहिजे, तेवढं न करता 'मजा नाही आली' म्हणणारे लय आहेत.

सेकंड हँड फुल बघत असाल तर सीट धरून सायकल हळूच वर उचला, मागचं चाक उचलायच्या आधी टक् असा खेळ जाणवला तर बुशिंग नाहीतर बेअरिंग गेलंय, तेवढे पैसे कमी करूनच मागा.