पिकअपची जादा डिझेल टाकी : आठ महिन्यांनी सांगतो, आधी ब्रीदर (टाकीत हवा ये-जा करायची वाट) बघा

सावद्याहून केळी भरून सुरत, येताना मिळेल तो माल. जाऊन-येऊन सातशेच्या आसपास किलोमीटर. रात्री-अपरात्री पंप शोधायला नको म्हणून ऑक्टोबरात केबिनमागे हौद्यात ६० लिटरची जादा टाकी बसवली. हिवाळाभर भेटेल त्याला सांगत होतो, "घे भो, डोळे झाकून घे." तो शब्द आज मागे घेतो.

मे महिन्यात पहाटे टाकी गळ्यापर्यंत भरली. दुपारी साक्रीपुढे जेवायला थांबलो, तर पत्र्याला हात लागत नव्हता. झाकणापासून डिझेलची काळी ओली रेघ धुळीतून खाली उतरलेली, आणि खाली केळीच्या पानांवर थेंब थेंब. सुरतेत व्यापाऱ्यानं चार घड नाकाला लावले आणि बाजूला काढले. भाडं तिथंच गेलं.

डिझेल उन्हात फुगतं. वीस अंशांनी तापलं तर ६० लिटरमागे जवळपास लिटरभर वाढतं. त्याला वर जागा नव्हती, आणि ब्रीदर म्हणून बनवणाऱ्यानं झाकणाला नुसतं बारीक भोक पाडलेलं. मी रागानं ते भोक एमसीलनं बुजवलं. ती माझी चूक. पुढच्या खेपेला जादा टाकीतून गाडीच्या मूळ टाकीत डिझेल घ्यायला मधला पंप सुरू केला तर त्याचा आवाज बदलला, आणि जादा टाकीची बाजू टण्णकन आत ओढली गेली. डिझेल निघतं तेवढी हवा आत यायलाच हवी.

आता वरच्या अंगाला नळी काढून ती सायलेन्सरपासून लांब, हौद्याबाहेर खाली सोडली आहे. नळीत गाडी उलटली तर बंद होणारा वॉल्व्ह आहे. टाकी पूर्ण भरत नाही, वर चार बोटं जागा सोडतो. जून संपत आला, एक थेंब नाही.

बाकी थोडक्यात. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची टाकी स्वस्त मिळते, घेऊ नका. जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि आजच्या कॉमन रेल इंजिनचे इंजेक्टर, म्हणजे डिझेल जोरात फवारणारे बारीक नोझल, खराब करतं. आत आडवे पडदे हवेतच. माझ्या टाकीत आहेत, कोंडाईबारी घाटात वळणावर डिझेलचा हिसका बसत नाही. जुन्या टाकीला तर वेल्डिंग लावूच देऊ नका, आतली वाफ पेट घेते. भरलेल्या ६० लिटरचं डिझेलच पन्नास किलो होतं, तेवढा माल कमी धरा. आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करू देत नाही. आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे आधी लेखी विचारा. "कोण बघतंय" म्हणणारा क्लेम अडकल्यावर आपल्यासोबत उभा राहत नाही.

नवीन नळी-वॉल्व्हचं काम जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या मिस्त्रीकडे केलं, पैसे माझेच गेले. टाकी बनवणाऱ्यानं झाकण तेवढं बदलून दिलं. चार घडांचं विचारलं तर फोन उचलत नाही.