संकल्पना नकाशा की माइंड मॅप? रेषेवरचा शब्द पाहून ठरवा

लांबून दोन्ही कागद सारखेच दिसतात: शब्द, रेषा, फांद्या. त्यामुळे दोन्ही नावं सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात आणि भलत्या कामाला भलतं साधन हाती येतं.

माइंड मॅपमध्ये विषय मधोमध असतो आणि त्यातून चहूबाजूंना फांद्या फुटतात. फांदीवर एखादा शब्द, रंग, छोटंसं चित्र. १९७०च्या दशकात ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी तो लोकप्रिय केला. निबंधाचे मुद्दे सुचवायचे असतील, धड्याची उजळणी एका पानावर हवी असेल, तर खुशाल हाच घ्या. दहा मिनिटांत होतो आणि मुलांना शिकवावाही लागत नाही.

संकल्पना नकाशाचा जन्मच वेगळ्या गरजेतून झाला. १९७२मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांच्या गटाला मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते ते टिपायचं होतं. मुलाखतींच्या ढिगातून ते हाती लागेना, म्हणून हा आराखडा आला. व्यापक संकल्पना वर, नेमक्या खाली, आणि प्रत्येक रेषेवर जोडशब्द. दोन संकल्पना आणि जोडशब्द मिळून एक विधान होतं. ते बरोबर असतं किंवा चूक, आणि सगळी गंमत इथेच आहे.

माझ्या वर्गात जलचक्र शिकवून झाल्यावर एका मुलीने 'ढग' आणि 'वाफ' जोडून रेषेवर लिहिलं, 'म्हणजे साठलेली'. ढग म्हणजे साठलेली वाफ! खरं तर ढगात पाण्याचे बारीक थेंब किंवा बर्फाचे कण असतात. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. माइंड मॅपमध्ये हे दोन शब्द शेजारच्या फांद्यांवर सुखाने नांदले असते आणि मी पुढचा धडा घेतला असता. त्या एका शब्दाने मला संक्षेपण, म्हणजे वाफेचं पाणी होणं, पुन्हा शिकवायला लावलं.

अर्थात, संकल्पना नकाशाला वेळ जातो. सुरुवातीला मुलं जोडशब्द गाळतात किंवा सगळीकडे 'आहे' लिहितात. अशा वेळी कोरा कागद देण्यापेक्षा 'पाऊस कसा पडतो?' असा एक नेमका प्रश्न आणि दहा-बारा संकल्पना द्या. पाठांतराच्या सनावळ्यांसाठी मात्र हा खटाटोप नको.

परीक्षा तोंडावर आली असेल, तर २०११चा कार्पिक आणि ब्लंट या संशोधकांचा प्रयोग लक्षात ठेवा. मजकूर समोर ठेवून संकल्पना नकाशा काढणाऱ्यांपेक्षा, वाचून झाल्यावर आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आठवड्यानंतर जास्त राहिलं. तेव्हा नकाशाच काढायचा असेल, तर पुस्तक मिटून काढा, मग उघडून राहिलेल्या रेषा वेगळ्या शाईने भरा.