‘युरोपभर चालणारं’ दिव्यांग पार्किंग परमिट: पैसे गेले ते गेलेच, वर दंड आला

गाडी घेऊन दुसऱ्या देशात जायचंय, सोबत दिव्यांग माणूस आहे आणि ‘आंतरराष्ट्रीय दिव्यांग पार्किंग परमिट’ घरपोच देणारी एखादी वेबसाइट सापडली आहे? मग पैसे भरायच्या आधी हे वाचा. असं परमिट नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. तरी आमच्या घरी ते आलं. जाड प्लास्टिकचं, चकचकीत, होलोग्रामसकट. आणि त्याच्यासोबत घेतलेल्या ‘सेवे’च्या भरवशावर आम्ही इटलीत फिरलो, त्याचे दंड काही महिन्यांनी टपालाने आले.

आम्ही जर्मनीत राहतो. माझा नवरा व्हीलचेअर वापरतो आणि त्याच्याकडे इथलं निळं पार्किंग कार्ड आहे. इथे निळं आणि नारिंगी अशी दोन कार्डं असतात. निळं मिळतं ते मुख्यतः ज्याच्या अपंगत्वाच्या ओळखपत्रावर ‘आ-गे’ ही खूण आहे त्याला, म्हणजे ज्याला चालणं जवळजवळ अशक्य आहे त्याला, किंवा दृष्टिहीन व्यक्तीला. नारिंगी कार्डाचे निकष सैल आहेत, पण ते फक्त जर्मनीत चालतं आणि ते लावून व्हीलचेअरच्या खुणेच्या जागेत गाडी उभी करता येत नाही. नारिंगी कार्ड घेऊन सीमा ओलांडणारे लोक मला भेटलेत, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

निळ्या कार्डामागे १९९८ सालची युरोपियन युनियनच्या परिषदेची शिफारस आहे. सगळ्या सदस्य देशांनी एकाच नमुन्याचं कार्ड द्यावं आणि एकमेकांचं मानावं, असं तेव्हा ठरलं. त्यामुळे कार्ड कुठल्याही देशाचं असो, दिसतं सारखंच. समोर डावीकडे पांढरी व्हीलचेअर, खाली मुदत, क्रमांक, देणाऱ्या कार्यालयाचं नाव आणि शिक्का. उजवीकडे बारा ताऱ्यांचं कडं आणि त्यात देशाचं अक्षर. आमच्या कार्डावर ‘डी’. फोटो आणि सही मागच्या बाजूला. आणि ‘पार्किंग कार्ड’ हे शब्द युनियनच्या इतर भाषांत समोरच छापलेले.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, त्या वेबसाइटचा पहिला दावाच असा होता की परदेशातल्या पोलिसांना तुमच्या कार्डाची भाषा कळत नाही, म्हणून ‘अधिकृत बहुभाषिक आवृत्ती’ जवळ हवी. जे कार्डावर आधीच छापलेलं आहे, तेच पुन्हा विकायचं.

दुसरा दावा होता हमरस्त्यांच्या टोलमध्ये सवलत मिळण्याचा. तिथे मला शंका आली होती, कारण पार्किंग कार्ड हे पार्किंगसाठी असतं, टोलचा हिशेब वेगळा. पण तिसरा दावा नेमका आमच्या गरजेचा निघाला. ‘इटलीतल्या झेडटीएल शहरांत तुमच्या गाडीच्या नंबरची नोंदणी आम्ही करून देतो.’

झेडटीएल म्हणजे जुन्या शहरांचा मर्यादित वाहतुकीचा भाग. फ्लॉरेन्स, पिसा, व्हेरोना, कुठेही जा, मधलं जुनं गाव असं वेढलेलं सापडतं. शिरायच्या जागी पांढऱ्या गोल पाटीला लाल कडा, वर कॅमेरा. परवानगी नसलेल्या गाडीचा नंबर टिपला गेला की दंड लागलाच. दिव्यांगांची गाडी मात्र आत जाऊ शकते, तशी मुभा इटलीच्या नियमांतच आहे आणि युरोपियन कार्ड असलेल्या पाहुण्यालाही ती मिळते. अडचण एकच: कॅमेऱ्याला फक्त नंबरप्लेट दिसते, काचेमागे ठेवलेलं कार्ड त्याला दिसत नाही. म्हणून आपला नंबर त्या त्या शहराच्या पालिकेला कळवावा लागतो. कुठे फॉर्म असतो, कुठे ईमेल, कुठे फोन. काही पालिका आत जाऊन आल्यावर ठरावीक मुदतीत कळवलेलंही चालवून घेतात, काहींना आधीच कळवलेलं लागतं. हे काम पालिका फुकट करते, पण दर शहराला वेगळं करावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी माहिती इटालियनमध्येच असते.

ठगाने बरोबर या फटीत दुकान थाटलं होतं. वेबसाइटवर झेडटीएलची माहिती होती आणि ती अगदी खरी होती. कॅमेऱ्याचं, नंबरप्लेटचं, प्रत्येक शहराच्या वेगळ्या नियमाचं, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. इतकं बरोबर लिहिणारा माणूस कामही बरोबर करेल, असं कुणालाही वाटावं. भर म्हणून नव्या युरोपियन कार्डाची बातमीही होती. तीही खरी. दिव्यांगत्वाचं युरोपियन कार्ड आणि नवं पार्किंग कार्ड यांचा निर्देश २०२४ मध्ये मंजूर झाला आहे. पण तो प्रत्यक्ष लागू होणार आहे ५ जून २०२८ पासून आणि कार्ड देणार आहेत त्या त्या देशाची अधिकृत कार्यालयं. वेबसाइटवर या तारखेचा पत्ता नव्हता. ‘नव्या युरोपियन मानकानुसार’ एवढेच शब्द होते.

पैसे कार्डाने भरले. निळ्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, गाडीची कागदपत्रं आणि नवऱ्याचा पासपोर्ट अपलोड केला. ज्या शहरांत जाणार त्यांची यादी आणि तारखा भरल्या. थोड्या दिवसांत पाकीट आलं आणि पाठोपाठ ‘नोंदणी पूर्ण’ असा ईमेल, प्रत्येक शहरापुढे हिरवी खूण केलेला.

प्लास्टिकच्या कार्डावरही ताऱ्यांचं कडं होतं. आत देशाच्या अक्षराऐवजी ‘आयएनटी’. शिक्का कुठेच नाही. देणाऱ्या कार्यालयाच्या जागी त्या वेबसाइटचंच नाव, पण असं सजवलेलं की वाटावं जिनिव्हातली एखादी मोठी संस्था असणार. सोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर फिकट राखाडी अक्षरांत एक वाक्य होतं, ते दंड आल्यावर भिंग लावून वाचलं: हे शासकीय कागदपत्र नसून माहितीपर भाषांतर आहे, ते नेहमी मूळ कार्डासोबतच वापरावे.

सगळी मेख त्या ‘सोबतच’मध्ये आहे. काचेमागे दोन्ही कार्डं ठेवायची, खऱ्या कार्डाला मान मिळतो, आणि तो मान नव्या परमिटमुळे मिळाला असं गिऱ्हाईकाला वाटत राहतं.

एका गावात पार्किंग तपासणाऱ्या बाई आमच्या गाडीशी थांबल्या. मी डिकीतून व्हीलचेअर काढत होते. त्यांनी काचेतून वाकून पाहिलं आणि प्लास्टिककडे बोट दाखवून विचारलं, “हे काय?”

“इंटरनॅशनल परमिट,” नवरा म्हणाला.

“कुठल्या देशाचं?”

“इंटरनॅशनल.”

“हो, पण दिलं कुठल्या कार्यालयाने?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. बाई हसल्या, म्हणाल्या, “निळं आहे ना? पुरे,” आणि पुढे गेल्या. त्यांनी आम्हाला आणखी एक कामाची गोष्ट सांगितली होती: पिवळ्या रेषांच्या राखीव जागा भरलेल्या असतील, तर निळ्या रेषांच्या पैसे भरायच्या जागेतही या कार्डावर फुकट गाडी लावता येते. इटलीत हा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. मात्र पिवळ्या जागेच्या पाटीवर एखादा क्रमांक लिहिलेला असेल तर तिथे जाऊ नका, ती जागा एका विशिष्ट कार्डधारकाच्या नावावर असते.

सुट्टी छान झाली. कुठे कुणी अडवलं नाही. पुढे थंडी पडल्यावर नोटिसा यायला लागल्या. परदेशी पत्त्यावर नोटीस पाठवायला इटलीचा कायदा ३६० दिवस देतो, त्यामुळे ‘इतके महिने काही आलं नाही’ याला काहीच अर्थ नसतो. झेडटीएलचा दंड साधारण ८३ युरोपासून सुरू होतो, वर पाठवणीचा खर्च. हिरव्या खुणेच्या यादीतल्या एकाही शहरात आमचा नंबर नोंदवलेला नव्हता. पालिकांना विचारलं तेव्हा उत्तर आलं की अशा कुठल्या एजंटाला आम्ही ओळखत नाही, नोंदणी कार्डधारकाने थेट करायची असते.

इथे घाई करू नका. पाच दिवसांत भरलं तर दंडात ३० टक्के सूट मिळते, म्हणून हात शिवशिवतात. पण भरला की विषय संपला, मग आक्षेप घेता येत नाही. आक्षेपाचे दोन रस्ते आहेत: प्रीफेक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी प्रतिनिधीकडे, ६० दिवसांत, किंवा तिथल्या शांतता न्यायाधीशाकडे, म्हणजे छोटे दावे ऐकणाऱ्या न्यायाधीशाकडे; तिथे इटलीत राहणाऱ्याला ३० दिवस मिळतात, परदेशात राहणाऱ्याला ६०. त्याआधी पालिकेच्या दंड विभागाला साधा ईमेल करून पाहावा. निळ्या कार्डाच्या दोन्ही बाजू, नोटिशीचा क्रमांक, आणि त्या दिवशी दिव्यांग व्यक्ती गाडीत होती हे दाखवणारं काहीतरी जोडायचं. आम्ही हॉटेलचं बिल आणि संग्रहालयाची तिकिटं जोडली. एका शहराने दंड रद्द केला. दुसऱ्याने कळवलं की मुदतीत सूचना आली नाही, सबब दंड कायम. तो भरला.

वेबसाइटने आधी दिलगिरी व्यक्त केली, मग ‘तांत्रिक विभागाकडे’ पाठवलं, मग उत्तरं बंद. नियम-अटींत कंपनीचा पत्ता युरोपियन युनियनबाहेरचा निघाला. सीमापार खरेदीतल्या तक्रारींसाठी युरोपियन ग्राहक केंद्रांचं जाळं आहे आणि ते चांगलं काम करतं, पण विक्रेताच युनियनबाहेर असला की त्यांचेही हात बांधलेले. बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे विक्रेत्याकडून परत, मागितला. विक्रेत्याने उलट दाखवलं की ‘वस्तू’ घरी पोचली आहे. खरंच पोचली होती. त्या ‘नोंदणी पूर्ण’ ईमेलचा छापा आणि पालिकांची उत्तरं जोडून पुन्हा अर्ज केला, तेव्हा थोडी रक्कम परत आली.

पैशांपेक्षा मला जास्त छळतं ते अपलोड केलेलं कार्ड. कार्डाचा क्रमांक, शिक्का, सही, फोटो, सगळं स्वच्छ स्कॅन करून आम्ही त्यांच्या हातात दिलं. बनावट पार्किंग कार्डं करणाऱ्याला आणखी काय लागतं? आम्ही इथल्या पोलिसांत तक्रार दिली आणि कार्ड देणाऱ्या कार्यालयालाही लेखी कळवलं, म्हणजे उद्या त्या क्रमांकाची नक्कल कुठे सापडली तर आमच्याकडे चोर म्हणून पाहायला नको.

आता गाडी काढायच्या आधी आम्ही काय करतो, ते सांगते. ज्या देशात जायचं त्याचे नियम त्या देशाच्या सरकारी पानावर वाचतो, कारण कार्ड आपलं असलं तरी सवलत यजमान देशाची मिळते. जर्मनीत मर्यादित थांबाबंदीच्या जागी, म्हणजे जिथे एरवी थोडाच वेळ थांबता येतं तिथे, पार्किंगचं घड्याळ (आल्याची वेळ दाखवणारी तबकडी) लावून ३ तास थांबता येतं. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या सार्वजनिक जागा २०१५ च्या कायद्याने कार्डधारकाला फुकट आहेत, पालिका वेळेची मर्यादा घालू शकते पण ती १२ तासांच्या खाली नाही. एकाचा नियम दुसऱ्याकडे चालत नाही. झेडटीएलसाठी ज्या हॉटेलात उतरणार त्यांना विचारून पालिकेचा पत्ता घेतो आणि ईमेल स्वतः करतो, पालिकेचं उत्तर येईपर्यंत हिरव्या खुणेवर विश्वास नाही. भाड्याची गाडी असेल तर नंबर काउंटरवरच कळतो, त्यामुळे ईमेल तिथूनच धाडायचा. कार्ड माणसाचं असतं, गाडीचं नाही, म्हणून भाड्याच्या गाडीत ते खुशाल वापरता येतं. फक्त दंड आला तर गाडी देणारी कंपनी तुमचं नाव पालिकेला कळवायचे वेगळे पैसे लावते.

भारतातून येणारे नातेवाईक विचारतात, यूडीआयडी कार्ड चालेल का? ते अपंगत्वाचं भारतीय ओळखपत्र आहे, पार्किंगचं कार्ड नव्हे, आणि त्यावर युरोपातल्या राखीव जागेत गाडी लावली तर दंड होईल. हे ‘रूपांतर’ करून देतो म्हणणाऱ्या जाहिराती मी पाहिल्या आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. अमेरिकेचं वेगळं: तिथल्या संघीय नियमाप्रमाणे राज्यांनी इतर देशांनी दिलेले, गाडीत लावायचे दिव्यांग पार्किंगचे फलक मानायचे असतात. पण न्यूयॉर्क शहरात रस्त्यावरच्या पार्किंगसाठी शहराचं स्वतःचं परमिट लागतं, दुसऱ्या राज्याचा फलकही तिथे पुरत नाही.

ज्या वेबसाइटने आम्हाला गंडवलं ती आता उघडत नाही. तिचेच फोटो, तोच होलोग्राम आणि झेडटीएलचा तोच अचूक मजकूर गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाखाली दिसला. तिथे आता २०२८ च्या कार्डाचं ‘आगाऊ बुकिंग’ चालू आहे. राखाडी अक्षरांतलं वाक्य याही वेळी आहे, पानाच्या अगदी तळाशी.