फुकट म्हणजे किती फुकट? मुलांच्या शैक्षणिक साइट्स आणि खेळ, बडोद्याच्या मराठी घरातून पाहताना

उन्हाळी सुट्टी लागली की शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आया हमखास विचारतात, "ताई, मोबाईल काही तो सोडत नाही. निदान त्यावर शिकण्यासारखं काहीतरी सांगा, पण फुकटातलं हं." एकच नाव सांगून मोकळं व्हावं असं मलाही वाटतं, पण तसं होत नाही. दांडिया बाजारातल्या नाहीतर बाबाजीपुऱ्यातल्या मराठी घरातलं मूल आजीशी मराठीत बोलतं, खाली खेळायला गेलं की गुजरातीत भांडतं, शाळेत इंग्रजीत लिहितं आणि कार्टून हिंदीत बघतं. पुण्या-मुंबईच्या पालकांसाठी केलेल्या याद्या इथे अर्ध्याच उपयोगी पडतात.

म्हणून आधी माझी गाळणी सांगते, नावं नंतर. खेळातून अभ्यास वजा करून बघा. अभ्यास काढल्यावरही खेळ तसाच्या तसा चालू राहत असेल, तर त्यात अभ्यास नुसता वरून चिकटवलेला आहे. अभ्यास काढल्यावर खेळच उरत नसेल, तर ते डाउनलोड करा. बाकीचे निकष, म्हणजे रेटिंग, चित्रं आणि मैत्रिणीच्या मुलाचा अनुभव, नंतर बघू.

प्रॉडिजी की खान अकॅडमी?

गणितासाठी पालक जास्त करून या दोघांत अडकतात. प्रॉडिजी हा कॅनडातून आलेला खेळ. त्यात मूल जादूगार होतं, राक्षसांशी लढतं, आणि मंत्र टाकायच्या आधी गणिताचा प्रश्न येतो. उत्तर बरोबर आलं की मंत्र चालतो. मुलांना तो आवडतो, यात वादच नाही. पण गाळणी लावून बघा: प्रश्न काढून टाकले तरी राक्षस, मंत्र, पाळीव प्राणी, कपडे सगळं जागच्या जागी राहतं. गणित इथे टोल नाक्यासारखं आहे, पावती फाडायची आणि पुढे निघायचं. शिवाय खेळ फुकट असला तरी मेंबरशिप विकत मिळते, आणि मुलाला तिची आठवण सतत करून दिली जाते. २०२१ मध्ये अमेरिकेत मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी तिथल्या व्यापार आयोगाकडे प्रॉडिजीविरुद्ध तक्रार केली होती. त्यांचं म्हणणं असं, की १९ मिनिटांच्या खेळात मेंबरशिपच्या १६ जाहिराती दिसल्या आणि गणितं आली फक्त ४. आकडे तक्रारदारांचे आहेत हे खरं, पण तुमचं मूल खेळत असताना अर्धा तास शेजारी बसा आणि स्वतःच मोजून बघा.

खान अकॅडमी याच्या अगदी उलट टोकाला आहे. २००८ मध्ये सलमान खान (आपला नव्हे, अमेरिकेतला) यांनी सुरू केलेली ही ना-नफा संस्था देणग्यांवर चालते. जाहिरात नाही, शाळेचा अभ्यास शिकायला पैसे नाहीत. व्हिडिओ बघायचा, सराव सोडवायचा, अडलं तर हिंट दाबायची. हिंट दाबली की गणित पायरी-पायरीने उलगडतं. पॉइंट आणि बॅज आहेत, पण ते तोंडी लावण्यापुरते. हिंदीत भरपूर मजकूर आहे, मराठी आणि गुजरातीतही आहे, पण त्या मानाने कमी.

दोष? मूल एकटं बसलं की कंटाळतं. आणि हिंट शेवटपर्यंत दाबत जायचं, शेवटी दिसेल तो आकडा टाइप करायचा, ही युक्ती चौथीतली मुलं पहिल्याच आठवड्यात शोधून काढतात. हिंट घेतलेलं गणित बरोबर धरलं जात नाही हे त्यांना कळेपर्यंत तेच चालतं. तरीही दोघांत निवडायचं तर मी डोळे झाकून खान अकॅडमी सांगते. पाचवीच्या पुढे तर प्रश्नच नाही. तिसरीतलं मूल गणित म्हटलं की रडत असेल, तर थोडे दिवस प्रॉडिजी चालू द्यायला माझी हरकत नाही, पण कार्डाचा नंबर कुठेही साठवून ठेवू नका.

फेट: जिथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे

अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाने २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. कल्पना कार्ल वीमन यांची, ज्यांना त्याच्या आदल्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. इथे विज्ञान-गणिताचे आभासी प्रयोग आहेत. लॉगिन नाही, जाहिरात नाही, प्रयोग उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतो. मराठीत अनुवाद झालेले बरेच प्रयोग आहेत, गुजरातीतही आहेत.

विजेच्या सर्किटचा प्रयोग उघडा. डावीकडे वायर, बॅटरी, बल्ब, स्विच मांडून ठेवलेले असतात, ओढून आणायचे आणि जोडायचे. सूचना काहीच नाहीत. मुलं पहिल्यांदा हमखास बॅटरीच्या एका टोकाची वायर सरळ दुसऱ्या टोकाला जोडतात, मधे बल्ब घालायचा राहतो, आणि बॅटरीवर भडाभडा ज्वाळा! दुसऱ्यांदा मुद्दाम पेटवतात. तिसऱ्यांदा शेजारच्याला बोलावून पेटवून दाखवतात. शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा इथे पक्कं डोक्यात बसतं, आणि घरातल्या सॉकेटमध्ये बोट घालायची गरज पडत नाही. मग बल्ब येतो. एकापुढे एक दोन बल्ब लावले की दोन्ही मंद होतात. इथे मोठ्या माणसाने एकच प्रश्न टाकायचा: "दोन बल्ब हवेत, पण उजेड पहिल्याइतकाच हवा. कसं जोडशील?" एवढं विचारून चहा टाकायला आत जावं. परत येईपर्यंत मुलाने समांतर जोडणी शोधलेली असते, किंवा अजून तरी सगळं जाळतच असतं. दोन्ही चालेल.

फेटला ही मोठ्या माणसाची गरज लागते, आणि ती पूर्ण होणार नसेल तर फेट निवडू नका. गुण नाहीत, शाबासकी नाही, त्यामुळे प्रश्नच नसेल तर मूल पाच मिनिटांत उठतं. ज्या घरात आई-बाबा दोघंही रात्री आठला परततात आणि मूल आजी-आजोबांजवळ असतं, तिथे आजोबांना मराठीतला प्रयोग उघडून द्या. निवृत्त इंजिनिअर आजोबा आपल्या बडोद्यात काही दुर्मीळ नाहीत, आणि ते एकदा बसले की मुलाला हात लावायला मिळेल याची काळजी घ्या. अपूर्णांकांचेही छान खेळ आहेत. मोबाईलवर उघडतात, पण तुकडे बोटाखाली येतात, लॅपटॉप बरा.

आठ वर्षांखालची

इथे तीन नावं पुरे. खान अकॅडमी किड्स हे दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचं अ‍ॅप, पूर्ण फुकट, जाहिरात नाही. अक्षरं, आकडे, गोष्टी, गाणी सगळं आहे, मांडणी देखणी आहे. पण इंग्रजी अमेरिकन उच्चारांतलं, मराठी-गुजरातीचा प्रश्नच नाही. शाळेत जाऊ लागलेल्या आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाला त्याचा खरंच उपयोग होतो. जीकॉम्प्री हे दोन ते दहा वर्षांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर, शंभराहून जास्त छोटे खेळ. चित्रं जुन्या वळणाची आहेत, नव्या पिढीला फिकी वाटतात. पण जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, नेट लागत नाही. कपाटात पडलेला लॅपटॉप असेल तर हेच टाका, कारण त्यावर मूल चुकून यूट्यूबवर घसरत नाही. तिसरं स्क्रॅच ज्युनिअर, पाच ते सात वर्षांसाठी. वाचता येत नसलं तरी चित्रांचे ठोकळे जोडून मांजर चालवता येतं. ते टॅबवर लागतं.

कूलमॅथ गेम्सचं नाव आया फार घेतात, कारण नावात 'मॅथ' आहे. काही कोडी चांगली आहेत, पण बऱ्याच खेळांत गणित शोधावं लागतं, आणि साइट चालते जाहिरातींवर. विरंगुळा म्हणून द्या, अभ्यास म्हणून नको.

मराठी वाचायचं तर

बडोद्यातल्या घरांत खरी ओढाताण इथेच आहे. मूल मराठी बोलतं, पण वाचत नाही. देवनागरी हिंदीमुळे येते, जोडाक्षरांशी अडतं. बालभारतीची पुस्तकं तिच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पहिली-दुसरीची उतरवून घ्या, चित्रं आणि कविता छान आहेत. तरी पाठ्यपुस्तक ते पाठ्यपुस्तकच, सुट्टीत बघून मूल नाक मुरडतं.

त्यापेक्षा मला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर भावतं. २०१५ पासूनची ही साइट, गोष्टी फुकट, छापायलाही परवानगी. चार पातळ्या आहेत: पहिल्या पातळीवर पानाला एक-दोन ओळी, चौथीवर सलग वाचायची गोष्ट. आपल्यासाठी खास सोय अशी, की पुष्कळ गोष्टी मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा सगळ्या भाषांत आहेत. शाळेत गुजराती शिकणाऱ्या मुलाने आधी गुजरातीत वाचावी आणि मग तीच मराठीत आजीला वाचून दाखवावी. अर्थ आधीच माहीत असतो, त्यामुळे अडखळलं तरी गोष्ट सुटत नाही. अनुवादाचा दर्जा मात्र सारखा नाही. काही गोष्टींची मराठी ओढूनताणून केल्यासारखी वाटते, तेव्हा आधी तुम्ही एकदा नजर टाका.

अरविंद गुप्तांची साइट इथेच सांगते, जरी ती खेळांची साइट नसून खेळण्यांची आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसोबत काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून आकार बनवायचे व्हिडिओ, ढीगभर मराठी पुस्तकं, सगळं फुकट. दहा मिनिटं पडद्यावर आणि दोन तास जमिनीवर, हे गणित मला फार आवडतं. व्हॉल्व्ह ट्यूब कोणत्याही सायकलवाल्याकडे मिळते.

दीक्षा या सरकारी अ‍ॅपबद्दल थोडक्यात: एनसीईआरटीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ येतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उपयोगी, सुट्टीत नाही.

पैसे कोण भरतंय

सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा खर्च दरबाराच्या तिजोरीतून होत होता, ते उघड होतं. साइटच्या बाबतीतही तेच विचारा. खान अकॅडमी, फेट, स्टोरीवीव्हर यांचा खर्च देणग्या आणि अनुदानांतून भागतो. कूलमॅथचा जाहिरातींतून. प्रॉडिजीचा मेंबरशिपमधून. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची संमती घ्यावी आणि मुलांवर नेम धरलेल्या जाहिराती दाखवू नयेत, अशी तरतूद आहे. तरी खातं उघडताना जन्मतारीख, शाळेचं नाव, फोटो मागितले की हात आखडता घ्या. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाने एका खेळात आईचा नंबर टाकला आणि महिनाभर कोर्स विकणाऱ्यांचे फोन येत होते.

आठच्या पुढच्यांसाठी स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून कोडिंग. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तयार झालेलं, २००७ पासूनचं, आठ ते सोळा वर्षांसाठी. यात मूल दुसऱ्याचा खेळ खेळत नाही, स्वतःचा बनवतं, त्यामुळे गाळणीचा प्रश्नच उरत नाही. फक्त इथे आपला खेळ जगाला दाखवता येतो आणि खाली प्रतिक्रियाही येतात. त्या वाचून मुलं खूश होतात, कधी हिरमुसतात. सुरुवातीचे महिने ऑफलाइन अ‍ॅप टाका, खातंच नको. खातं उघडाल तेव्हा खरं नाव घालू नका, पासवर्ड स्वयंपाकघरातल्या डायरीत लिहून ठेवा. आणि बुद्धिबळाची आवड असेल तर लिचेसवर जा: फुकट, जाहिरात नाही, सेटिंगमध्ये 'किड मोड' लावला की अनोळखी माणसांशी चॅट बंद होतो. हा मोड पहिल्याच दिवशी लावा, कारण नंतर लावायला गेलात की मूल कारण विचारत बसतं.