संमोहन की मनोविश्लेषण?
मैत्रीण अडून बसलीय: विमानाची भीती आहे आणि बंद दाराचं एकच स्वप्न सारखं पडतं, मग जाऊ कुठे? संमोहन बहुधा मोजक्या बैठकांत आटोपतं. मनोविश्लेषण, म्हणजे बोलता बोलता मनात दडलेलं शोधणं, वर्षानुवर्षं चालू शकतं, खर्चही तसाच. परिणाम टिकण्याचं म्हणाल तर मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानंही आधी संमोहनच वापरलं. पण ते सगळ्यांना लागेना, आराम टिकेना, म्हणून तो मुक्त साहचर्याकडे, म्हणजे मनात येईल ते न गाळता बोलू देण्याकडे, वळला. शिवाय संमोहनात ‘आठवलेलं’ घडलेलंच असतं असं नाही, हे मला सगळ्यात खटकतं.

नुसत्या भीतीसाठी संमोहन पुरेसं ठरू शकतं. दारासाठी विश्लेषण. दोन्ही हवंच असेल, तर संमोहनात दार दिसू द्यावं आणि मानसतज्ज्ञ युंगच्या ‘सक्रिय कल्पने’नं, म्हणजे मनातल्या चित्राशी संवाद साधत, जागेपणी त्याच्याशी बोलावं. पण दोन्ही शिकलेल्या मानसतज्ज्ञाकडेच.